किलोभर वाळू

“तराजूला कुणी हात लावायचा नाही! आधी अंदाज, मग वजन,” बाईंनी दम भरला. वर्गाच्या मधोमध वाळूचा ढीग आणि प्रत्येकाच्या हातात कापडी पिशवी. नुसत्या हाताच्या अंदाजाने बरोब्बर किलोभर वाळू भरायची. गणित हाताला कळलं की डोक्यात आपोआप शिरतं, असं बाईंचं ठाम मत. मुख्याध्यापक कपाळाला हात लावायचे. शिपाई तर लांबूनच झाडू दाखवायचा.

पण आजचा हा सगळा खटाटोप बाईंनी एका पोरीसाठी मांडला होता. वर्ग तिला रेडिओ म्हणायचा. घरी बाळ येणार, बाळ येणार म्हणून तिने सगळ्यांचे कान किटवले होते. बाळ वेळेआधीच आलं आणि दोन दिवसांत गेलं. तेव्हापासून रेडिओ बंद. पोर शाळेत यायची, बसायची, जायची. निदान वाळूत हात घातल्यावर तरी बोलेल, अशी बाईंची आपली भाबडी आशा.

पिशव्या भरल्या. कुणाची पाऊण किलो, कुणाची चक्क दोन. हशा पिकला. बाई वळून बघतात तर काय, रेडिओ तराजूपाशी! चिमटीने वाळू घालतेय, काढतेय, पुन्हा घालतेय. बाईंचं डोकंच फिरलं.

“काय गं, सांगितलेलं कळत नाही? आणि हे काय, एक किलो दोनशे? कॉपी करूनसुद्धा चुकलीस की!”

पोरं खो खो हसली. ती हसली नाही, रडलीही नाही. तिने पिशवी उचलली आणि दोन्ही हातांवर आडवी घेतली.

“चुकलं नाही, बाई. डॉक्टर म्हणाले होते, बाळ एवढंच आहे.”

बाईंना स्वतःच्या जिभेची लाज वाटली. त्या तिच्याजवळ खाली बसल्या.

“तू घेतलं होतंस त्याला?” त्यांनी कसंबसं विचारलं.

तिने मान हलवून नाही म्हटलं. बाळ शेवटपर्यंत काचेच्या पेटीतच होतं, नळ्या लावलेलं. तिला बाहेरूनच दाखवलं होतं. तिने पिशवी छातीशी धरली आणि कितीतरी दिवसांनी आपणहून तोंड उघडलं.

“बाई, ही आज घरी नेऊ? आईलाही कुणी घेऊ दिलं नव्हतं.”