नीलकालव्याची फेरी

"इथे आधी कोणीच राहत नव्हतं," मेघा म्हणाली. "नुसता गाळ, कचरा आणि डुकरं."

डोक्यावर निळी टोपी, चेहऱ्यावर हसू. नीलकालव्याची फेरी दाखवणारी ही मुलगी सुरुचीला बघताक्षणी आवडली होती. नागपूरचा मे महिना. सकाळीच फरशीचे चटके चपलेतून लागत होते, तरी हिचा आवाज खाली येत नव्हता. नाला साफ झाला, त्याचा कालवा झाला, काठाला दगडी पायऱ्या आल्या, कॉफीची दुकानं आली, हे सगळं ती न अडखळता सांगत होती. मागे दहा-बारा माणसं तोंडाला दुपट्टे बांधून फोटो काढत होती.

"खोटं बोलून राहिली ही पोरगी!"

सगळे वळले. पायऱ्यांवरून एक म्हातारा वर येत होता. मळका सदरा, पायात झिजलेली स्लीपर.

"कोनी राहत नव्हतं म्हन्ते? मंग मी काय डुक्कर होतो?"

मेघाचं हसू क्षणभर विरलं. "काका, फेरी चालू आहे. आपण नंतर बोलू."

"नंतर? घर पाडलं तवाबी हेच म्हनत होते. नंतर बोलू."

"चल गं पुढे," कृष्णकांत सुरुचीच्या कानाशी म्हणाला. "एवढ्या उन्हात नवऱ्याला भांडणं कशाला बघायला लावतेस?"

सुरुची हलली नाही. "बोलू द्या त्यांना," ती मोठ्यानं म्हणाली. "काका, नाव काय तुमचं?"

"देवराव."

मग देवराव त्यांच्याबरोबरच चालू लागला. मेघा एक सांगायची, तो दुसरं. कॉफीच्या दुकानापाशी तो थबकला. "याच्या काउंटरखाली माह्यी चूल होती." मुलांच्या घसरगुंडीकडे त्यानं हात केला. "अन् तिथं विहार. सांजच्याला वस्तीतले लेकरं अभ्यासाले बसत."

"घर पाडायला मशीन आली तेव्हा तुम्ही घरीच होता?" सुरुचीनं विचारलं.

देवरावनं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "बायको भात शिजवून राहिली होती. म्हने, एवढा उतरवू द्या. कोनी आयकलं नाही. भिंत पडली ते चुलीवरच. मी तिले ओढत बाहेर आनलं, तं ते परत गेली. मातीतून भात येचत बसली, बाई. मी म्हनलं, काहून येचून राहिली वं, खाता येते का आता तो? तं म्हने, लेकरं शाळेतून उपाशी येतीन."

त्याचा आवाज फुटला. तो तिथंच काठावर बसला आणि रडू लागला.

सुरुचीचे डोळे भरून आले आणि पाठोपाठ डोक्यात सणक गेली. ती मेघासमोर जाऊन उभी राहिली.

"आता सांग. कोणीच राहत नव्हतं इथे?"

"मॅडम, मला जे सांगायला सांगितलंय तेच मी सांगते."

"पगार मिळतो म्हणून काहीही सांगशील? कधी पाहिलंयस असं घर आतून? माणसं होती ती! डुकरं म्हणालीस तू त्यांना. तेही हसत हसत!"

मेघानं पाण्याकडे पाहिलं. "पुढे पूल आहे," ती म्हणाली. "तिथे जरा सावली आहे."

तेवढ्यात पहारेकरी आला आणि त्यानं देवरावचा दंड धरला. "चला बुढेबुवा, बहुत झालं."

"हात काढा!" सुरुची ओरडली. तिनं स्वतःच तो हात झटकून टाकला. आता बाकीचेही तावातावानं बोलू लागले. कोणी फेरीचे पैसे परत मागितले, कोणी देवरावला पाणी दिलं. पहारेकरी मागे सरला. कृष्णकांतसुद्धा, जो आयुष्यात कधी रांगेत कोणी घुसलं तरी बोलला नव्हता, "शरम वाटायला पाहिजे" म्हणाला.

फेरी पुलावर संपली. टाळ्या वाजल्या नाहीत.

"मी तुझी तक्रार करणार आहे," जाताना सुरुची मेघाला म्हणाली. "तुझ्यासारखी माणसं इथे नकोतच."

"करा, मॅडम."

गाडीचं दार उघडलं तशी आतून भट्टीसारखी वाफ आली. सुरुची बसली नाही. वस्तीतल्या लोकांना शहराबाहेर, वाडीपलीकडे, ट्रकच्या गोदामांमागे खोल्या दिल्या, असं देवराव बोलता बोलता म्हणाला होता.

"या उन्हात कसे जातील ते?" ती म्हणाली. "आपण सोडू त्यांना. थांब, घेऊन येते."

तिकिटाच्या खिडकीमागून बोलण्याचे आवाज येत होते. सुरुची कोपऱ्याशी थांबली.

आत कूलरसमोर देवराव मांडी घालून बसला होता. सदरा खुंटीला टांगलेला, अंगात इस्त्रीचा चौकड्यांचा शर्ट. पहारेकरी त्याच्या पोह्यांवर तर्री ओतत होता.

"ते बाई तं मले मारतेच का काय वाटलं, देवरावजी."

देवराव हसला. "खापरखेड्याच्या नाटकात एवढी पब्लिक कधी तापली नाही गा. मालक सांगून राहिले होते, मी आल्यापासून गर्दी वाढली म्हने. लोकायले असं भांडन पाहिजे." मग तो भिंतीला टेकून बसलेल्या मेघाकडे वळला. "संध्याकाळच्या फेरीले अजून थोडं लांबवू का, बेटा?"

मेघानं टोपी काढून ठेवली होती. ती आता हसत नव्हती.

"लांबवा. पन उद्या माय येऊन राहिली फेरी पाहाले," ती म्हणाली. "तिच्यासमोर आमच्या घराचं, त्या भाताचं काहीच नका बोलू, काका. ते तुमाले मी शिकवलं, हे तिले माहीत नाही."