देवाचं काम

आमच्या शमुवेलला बापाच्या मातीला यायला जमलं नाही. केनियातून फोनवर म्हणाला, "आई, मिशनच्या शाळेत रुजू झालो. देवाचं काम सोडून कसा येऊ?" भडगावच्या बठ्ठ्या लहानथोर मंडळींना मी ताठ मानेनं तेच सांगितलं आणि लेकाच्या वाटची मूठमाती मीच टाकली.

काल लेकीनं मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला. मातीच्याच दिवशीचा. टोपी घालून जिराफासमोर दात काढत उभा. खाली लिहिलेलं तिनं वाचून दाखवलं, "सेवा सोमवारपासून, तोवर भटकंती."

आज त्याचा फोन आला. "आई, माझ्या सेवेसाठी प्रार्थना कर."

"करते ना. पण शमू, तिथं एखाद्या पोराचा बाप मेला, तर त्याला धीर द्यायला तू जाऊ नको."