काट्यावरचा श्वास

कारखान्याच्या फाटकाजवळच्या हवेतली धूळ टिपलेला गोल कागद तिने प्रयोगशाळेतल्या वजनकाट्यावर ठेवला. आकडा सावकाश चढला, उतरला, पुन्हा चढला.

“काट्याची काच लाव गं बाई, तुझाच श्वास लागतोय त्याला,” शेजारच्या टेबलावरून ताई म्हणाल्या.

“लावलीये, ताई.”

तिने श्वास रोखून पाहिला. आकड्याचा चढउतार चालूच राहिला.

शाळेच्या गच्चीवरचा कागद ठेवला, तर आकडा भरभर हलू लागला, पळत आलेल्या पोराच्या छातीसारखा.

मग तिने स्वतःच्या घराच्या गच्चीवरचा ठेवला. हा आकडा चढताना दोनदा अडखळायचा, मग उतरायचा. दम्याने बेजार झालेल्या बाबांच्या छातीवर हात ठेवून सकाळीच तिने हीच लय मोजली होती.

तिचे हात नकळत जोडले गेले.

आकडा अडखळत चढला. ती तो उतरायची वाट पाहत राहिली.