भोकातून गोल

माझ्या नवऱ्याला जगभरातल्या मॅचची खबर असते. आज गोसीखुर्दच्या धरणावरून मासळीची रिकामी टोपली घेऊन आला आणि हात धुवायच्या आधी मोबाइल काढला.

"रंजू, जर्मनीत गोलच्या जाळ्याले बाजूनं भोक होतं. बॉल तिथून आत घुसला, अन् पंचानं गोल देऊन टाकला!"

"मॅचच्या आधी जाळं कोनी पाह्यलं नाई?"

"तेच त!" तो भडकला. "ज्याचं काम होतं तो झोपला असन. अशा मानसाले हाकलूनच द्याले पाह्यजे!"

मी त्याच्या खांद्यावरचं आमचं जाळं ओढून घेतलं. जे भोक तो आठ दिवसांपासून 'उद्या शिवतो' म्हणत होता, त्यातून डोकं बाहेर काढलं.



"मंग तुमी कवा निघता?"