ऐंशीला एक कमी

घरी नवा कॉम्प्युटर आला, तेव्हा जुन्यातले पेशंटांच्या रक्तदाबाचे आकडे त्यात न्यायचे होते. "दोन्ही जोडायला केबल नाही," डॉक्टर आई म्हणाली. "मी जुन्यावरचे वाचते, तू नव्यात टाइप कर."

आई "एकोणऐंशी" म्हणाली की जयपुरात वाढलेली निशिगंधा बेधडक ८१ दाबायची.

"चूक. ऐंशीला एक कमी. खोड ते."

"आई, इंग्लिशमध्ये सांग ना! नाहीतर हिंदीत. मतलब, काम तर होऊ दे!"

"एकोणऐंशी," आई पुन्हा म्हणाली.

आठवडाभर हेच चाललं. निशिगंधा पाय आपटायची, आई हटायची नाही.

रविवारी कोरे कागद शोधताना तिला आईच्या कपाटात केबल सापडली, राजा पार्कमधल्या दुकानाच्या महिन्यापूर्वीच्या पावतीसकट. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. केबल आईपुढे आपटून ती ओरडली, "तुझ्याकडे होती! आणि मी वेड्यासारखे पाचशे एकोणऐंशी आकडे टाइप केले? पाचशे एकोणऐंशी!"

आईला जराही ओशाळं वाटलं नाही. तिनं केबल उचलून लेकीच्या हातात दिली.

"आता लाव."