फवारायची राहिलेली खोली

"आत नगं," मनुबाई म्हणाली आणि देवघराच्या बंद दाराला पाठ लावून बसली.

खांद्यावर डीडीटीचा पंप घेऊन जालिंदर सोप्यात उभा होता. रक्त तपासायचं आणि ताप निघाला की घर फवारायचं, अशी दोन्ही कामं हिवताप खात्यानं त्याच्याच गळ्यात घातली होती. मनुबाईच्या नातवाला हिवताप निघाला होता. पोरगं तिच्या सुनेच्या, रंगूबाईच्या मांडीवर काडी होऊन पडलं होतं. गोळ्यांनी ताप उतरायचा, महिन्याभरात पुन्हा चढायचा. आणखी एक फेरा ते सोसेल, असं जालिंदरला वाटत नव्हतं.

"आवं आजी, रगात पिऊन ह्यो डास अंधारातल्या भितीवर बसतो, बूड वर करून. ही खोली ठिवली तर त्यो तितंच जाणार."

"बसू दे."

"डासाच्या पोटात ताप आपसूक येत न्हाई. आजाऱ्याला चावंल, तवा दुसऱ्याला दील. गावात कुणाला ताप न्हाई. घरात आजून कोन हाय?"

"कोन असणार? आमी दोगी नि ह्यो."

दोघींचं रक्त जालिंदरनं तपासलं होतं. चोख होतं. मनुबाईचा मुलगा, रंगूबाईचा नवरा सयाजी दीड वर्षापूर्वी चीनच्या लढाईत पडल्याची तार आली, तेव्हा शाळेतल्या सभेत जालिंदरही रडला होता.

"मंग दार उगडा."

"तुजा पाय पडला तर देव बाटत्याल."

हे ऐकून त्याचे कान किटले होते. बौद्ध होऊन त्याला आठ वर्षं झाली, पण गावच्या उंबऱ्यांना अजून पत्ता नव्हता. एरवी तो हसून पुढच्या घरी जायचा. आज त्याचं डोकं सणकलं.

"तुमच्या देवाकडं माजं कायबी काम न्हाई. पर डासाला बाट कळत न्हाई, आजी. तुमच्या सोवळ्यापायी पोर जाईल!"

म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली, पण ती हलली नाही. जालिंदरला तिची कीव आली नाही. असली भक्ती चुलीत घालावी, असंच वाटलं.

रंगूबाई उठली. पोराला तिनं सासूच्या मांडीवर ठेवलं आणि वाकून कडी काढली.

"रंगे!"

"पोर गेल्यावर काय करायचं, आत्याबाई?"

आत मिट्ट काळोख होता. देव्हारा कुठंच नव्हता. कोपऱ्यात वाकळांचा ढीग थडथडत होता.

"दादा," रंगूबाई म्हणाली, "आदी माज्या मालकांचं रगात घ्या."