दारातल्या चपला

"मावशी, पुरुषाच्या जुन्या चपला आहेत का? आमच्या फारच नव्या दिसतात," शूटिंगचं सामान सांभाळणाऱ्या इस्माइलने विचारलं. कुमुदिनीने घर रहस्यपटाच्या शूटिंगला दिलं होतं. तिने कपाटातून नवऱ्याच्या कोल्हापुरी चपला काढल्या. नवरा वारल्यावर घरात ती आणि मुलगा दोघंच उरली; त्या चपला दारात पाहून ती रोज रडायची, म्हणून मुलाने आत ठेवून दिल्या होत्या.

प्रसंग साधा होता. एकटी राहणारी नायिका घरी येते, उंबऱ्याशी पुरुषाच्या चपला पाहते आणि घाबरते. पण नटीच्या चेहऱ्यावर भीती काही येईना. दिग्दर्शक वैतागला.

"अगं, बंद घरात कुणीतरी येऊन बसलंय. मावशी, तुम्हीच सांगा हिला. अशा चपला दिसल्या तर काय कराल?"

कुमुदिनी मघापासून चपलांकडेच बघत होती. डाव्या अंगठ्याखालचा खळगा अजून तसाच होता.

"चहा टाकीन," ती म्हणाली.

सगळे हसले. इस्माइल तेवढा हसला नाही.

संध्याकाळी सामान गाडीत चढलं. इस्माइल चपला परत द्यायला वाकला आणि थांबला. "उद्या हाच शॉट पुढे घ्यायचाय, मावशी. जागा बदलायला नको. राहू देत इथेच."

शॉट संपल्याचं तिने दुपारीच ऐकलं होतं.

मुलगा कामावरून आला आणि चपला उचलू लागला.

"हात लावू नकोस. उद्या लागणार आहेत," म्हणत ती आत गेली आणि तिने तीन कप चहाचं आधण ठेवलं.